घरापासून पन्नास पावलांवरचा निसर्ग कसा पाहावा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

निसर्ग पाहायचा म्हणजे गावाबाहेर जायचे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. एका सप्टेंबरातल्या रविवारी कास पठारावर जाण्यासाठी पहाटे चार वाजता पुण्याहून निघालो, दिवसाचा मोठा भाग गाड्यांच्या रांगेत घालवला आणि तासभर फुले पाहून रात्री घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तेव्हा आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीत, सिमेंटच्या फटीत, गुलाबी तेरडा फुललेला दिसला. पठारावरच्या ज्या तेरड्यांचे फोटो काढण्यासाठी मी एवढी यातायात केली, त्यांचाच हा घरगुती भाऊबंद महिनाभर माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्या सकाळी मला स्वतःला लागू करून घ्यावी लागली.

त्यानंतर मी एक वही घातली आणि घराभोवतीचे जेवढे पायी सहज दिसते तेवढेच पाहायचे ठरवले. पहिले वर्षभर बऱ्याच गोष्टी चुकल्या, काही अकारण विकत घेतल्या गेल्या आणि दोनदा वही बंदही पडली. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून पुढचा क्रम लिहीत आहे. तो शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे, कारण ज्यांचे घर शेतात किंवा वाडीत आहे त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक असते.

लागणारे साहित्य

- कोणतीही साधी, न आखलेली वही. खिशात मावणारी असल्यास उत्तम.
- शिसपेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- दहापट मोठे दाखवणारे लहान भिंग.
- मनगटी घड्याळ. वेळ पाहण्यासाठी फोन काढला की त्यावरचे निरोप वाचले जातात आणि पाहणे तिथेच संपते.
- दुर्बीण, पण ती सहा महिन्यांनी. घ्यायचीच असेल तर ८ × ४२ या मापाची घ्यावी. यातील ८ म्हणजे किती पट जवळ दिसते ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मी हौसेने याहून मोठ्या ताकदीची घेतली होती. तिच्यात हाताचा कंपच इतका जाणवत असे की पक्षी स्थिर दिसेना.

१. जागा लहान निवडा आणि ती बदलू नका

घराच्या दारापासून पन्नास पावलांच्या आत अशी एक जागा ठरवा जिथे तुम्हाला दहा मिनिटे कोणी न हटकता उभे राहता येईल. त्या जागेवरून एक मोठे झाड, थोडी माती आणि थोडे आकाश दिसले पाहिजे. गच्ची, बसथांब्याजवळचा कोपरा, शाळेच्या मैदानाची कड, अगदी स्वयंपाकघराची खिडकीही चालते.

सुरुवातीला मला रोज नवीन ठिकाणी जावेसे वाटे आणि त्यामुळे काहीच दिसत नसे. काल काय होते हे ठाऊक असल्याखेरीज आज काय बदलले हे कळत नाही, आणि रोजच्या निसर्गातले बहुतेक सौंदर्य या बदलातच असते. फांदीच्या टोकाची कळी काल बंद होती आणि आज तिच्या पाकळ्यांची कड दिसते आहे, एवढी गोष्ट पाहून आनंद व्हायचा असेल तर कालची कळी पाहिलेली असावी लागते.

एक व्यावहारिक सूचना. इमारतींच्या खिडक्यांकडे तोंड करून उभे राहू नका, आणि सुरक्षारक्षकाला पहिल्याच दिवशी आपण काय करतो ते सांगून टाका. मी ते केले नाही, आणि पंधरा दिवसांनी आमच्या सोसायटीच्या बैठकीत ‘भिंतीकडे पाहत उभे राहणारे गृहस्थ’ या विषयावर चर्चा झाली.

२. वेळ थोडी पण ठरलेली ठेवा

सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला, कारण तेव्हा पक्षी बोलत असतात आणि तिरप्या उन्हात पानांच्या शिरा, कोळ्यांची जाळी, गवतावरचे दव हे सारे उठून दिसते. ते जमत नसेल तर सायंकाळी दिवेलागणीपूर्वीची दहा मिनिटे धरा. रोज दहा मिनिटे पुरेशी आहेत. रविवारी दोन तास देईन असे ठरवणाऱ्यांचे बहुधा तिसऱ्या रविवारी लग्नकार्य निघते.

३. एका झाडाशी वर्षभराची ओळख करा

या सगळ्या क्रमातली हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो.

झाड निवडताना पानझडी झाड निवडा, कारण त्यात वर्षभर काही ना काही घडत राहते. पिंपळ, काटेसावर, बहावा, पांगारा, कडुनिंब, ताम्हण यांपैकी काहीही चालेल. गुलमोहर मुळात मादागास्करचा आणि वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, म्हणून ही झाडे पाहू नयेत असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण दारात जे झाड असेल ते निःसंकोच निवडा. वर्षावृक्षाची पाने सायंकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, हे पाहण्यासाठी त्याचे मूळ गाव विचारण्याची गरज नाही.

माझ्या वाट्याला काटेसावर आली. डिसेंबर-जानेवारीत तिची पाने गळून गेली आणि आडव्या, मजल्यांसारख्या फांद्या उघड्या पडल्या. तोपर्यंत मला त्या झाडाचा आकारच ठाऊक नव्हता. मग फांद्यांवर घट्ट, वाटोळ्या, तपकिरी-हिरव्या कळ्या धरल्या आणि फेब्रुवारीत पाच जाड, मांसल पाकळ्यांची तांबडी फुले उमलली. त्या फुलांत मध असल्यामुळे झाडावर सकाळी अक्षरशः बाजार भरे. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर यांची ये-जा चाले आणि खारी फांद्यांवरून धावत. यांतला प्रत्येक जण डोके आत घालताना कपाळावर पराग घेऊन बाहेर येई आणि पुढच्या फुलात नेऊन पोचवी. फूल झाडावर सुकत बसत नाही, ते ताजेतवाने असतानाच धप्पकन खाली पडते, आणि तो आवाज ऐकण्याची मला पुढे सवयच लागली. एप्रिल-मेमध्ये बोंडे तडकून रेशमी कापूस सुटला आणि शेजारच्या गाड्यांवर पसरला, तेव्हा गाड्यांच्या मालकांना झालेला त्रास आणि मला झालेला आनंद साधारण सारखाच असावा.

असे झाड पाहताना आठवड्यातून एकदा पाच प्रश्नांची उत्तरे लिहा: कोवळी पाने आहेत का, जून पाने किती, कळ्या, फुले आणि फळे किती. उत्तर मोजून द्यायचे नाही. ‘नाही’, ‘थोडी’ आणि ‘पुष्कळ’ एवढ्या तीन शब्दांत काम भागते.

पिंपळ निवडलात तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एकही आठवडा चुकवू नका. नवी पाने तांबूस, तलम, जवळजवळ पारदर्शक असतात, मग ती पोपटी होतात आणि पाहता पाहता गडद हिरवी. जमिनीवरून वारा जाणवत नसताना पिंपळाची पाने मात्र सळसळत असतात, कारण त्यांचे देठ लांब आणि लवचिक असतात. बहावा निवडलात तर त्याच्या पिवळ्या घोसांच्या शेजारीच मागल्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा लोंबकळताना दिसतील. दोन वर्षे एकाच फांदीवर पाहायची असतील तर बहाव्याइतके सोयीचे झाड नाही.

४. नाव नंतर, वर्णन आधी

नवख्यांची सर्वांत मोठी चूक ही की पक्षी दिसताच ते ‘हा कोणता?’ असे विचारतात, नाव मिळाले की समाधान पावतात आणि पाहणे थांबवतात. मीही फोनवरच्या ॲपला फोटो दाखवून नाव मिळवत असे. पहिल्या महिन्यात माझ्याकडे चाळीस नावे जमली होती, आणि त्यांपैकी एकाही पक्ष्याच्या पायांचा रंग मला सांगता आला नसता.

म्हणून नियम असा करा की नाव शोधण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहायच्या: आकार चिमणी, साळुंकी आणि कावळा यांपैकी कोणाच्या जवळचा आहे, चोच कशी आहे, शेपूट कशी धरतो आणि काय करीत आहे. शेपूट ताठ उभी धरून जमिनीवर उड्या मारणारा काळा-पांढरा पक्षी असे लिहिलेत, तर दयाळ पुढे कधीही विसरणार नाही. फुलाचेही तसेच आहे. पाकळ्या मोजा, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक ते पाहा, आणि परवानगी असेल तिथे एक पान चुरगाळून वास घ्या.

चित्र काढता येत नाही ही सबब चालणार नाही. माझ्या वहीतला बुलबुल बटाट्यासारखा दिसतो, पण तो काढताना त्याच्या शेपटीखालचा लाल ठिपका मला पहिल्यांदा दिसला.

५. डोळे मिटून ऐका

दहापैकी दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहा आणि किती वेगवेगळे आवाज आहेत ते बोटांवर मोजा. उन्हाळ्यात दुपारी कोठेतरी कोणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारीत असल्यासारखा ‘टुक, टुक, टुक’ असा न थांबणारा आवाज येतो, तो तांबट पक्ष्याचा. तो चिमणीहून थोडा मोठा आणि हिरवा असल्यामुळे पानांत दिसत नाही, पण वाळक्या फांदीच्या शेंड्यावर बसला की लाल कपाळ आणि पिवळा गळा उन्हात झळकतो. अशाच वाळक्या फांदीत तो भोक पाडून घरटे करतो, हे ठाऊक झाल्यापासून ‘वाळलेली फांदी आहे, तोडून टाका’ असे म्हणण्यापूर्वी मी वर पाहतो.

कोकिळेच्या बाबतीत आपल्या कवितांनी आपल्याला फसवले आहे. ‘कुहू’ हा स्वर काळ्याभोर नराचा असतो. मादी तपकिरी, ठिपकेदार असते आणि तिचा आवाज कर्कश, घाईघाईचा असतो. एप्रिलनंतर कावळे घरटी बांधू लागले की या जोडीच्या हालचालींवर लक्ष ठेवा. नर कावळ्यांना चिडवून दूर नेतो आणि मादी संधी साधते, हा प्रसंग सोसायटीच्या झाडावरही पाहायला मिळू शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ असे म्हणणारा पावशा शहरातल्या टेकड्यांवरही ऐकू येतो.

६. मान खाली घाला

पक्ष्यांच्या नादात माणसे वर पाहत राहतात आणि पायांखालचे सगळे राहून जाते. भिंग येथे उपयोगी पडते.

झाडाच्या खोडावर राखाडी-हिरवट चट्टे दिसतात, त्यांना पुष्कळ लोक बुरशीचा रोग समजतात. ते दगडफुलाच्या कुळातले आहेत. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो ते अशाच प्रकारचे, बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र संसारातून झालेले असते. भिंगातून पाहिलेत तर त्यावर लहान वाट्या आणि वळ्या दिसतील. त्याने झाडाचे नुकसान होत नाही, तेव्हा ते खरवडू नका.

कुंडीत लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखा डाग शोधा. तो हलला, तर ती फुलपाखराची अळी आहे. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, आणि तिला किंचित डिवचले तर डोक्यामागून दुबेळके, तांबूस, उग्र वासाचे अवयव बाहेर काढते. (एकदाच पाहा, पुन्हा पुन्हा छळू नका.) झाडावर फवारणी न करता तिला पाने खाऊ दिलीत, तर साधारण महिनाभरात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास स्वयंपाकघराच्या खिडकीत घडतो. आमच्या घरी या काळात आमटीला कढीपत्ता बाजारातून आला. त्यावरून झालेला वाद मिटायला मात्र महिन्याहून अधिक काळ लागला.

तेरड्याची पिकलेली शेंग हलक्या चिमटीत धरा, ती फुटून बिया उडतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण सहज म्हणतो. एकेक फूल लवकर गळते हे खरे आहे, पण रोप पुढे कित्येक आठवडे फुलत राहते, असे माझ्या वहीत लिहिलेले आहे.

७. नोंद कशी लिहावी

तारीख, वेळ, हवा आणि तीन ओळी, यापलीकडे काही नको. सुंदर, मनमोहक, नयनरम्य ही विशेषणे वहीत घालू नका. त्यांनी नंतर वाचताना काहीच आठवत नाही. माझ्या दोन नोंदी नमुन्यादाखल देतो.

‘१२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०, थंडी, धुके नाही. सावरीवर फुले थोडी, कळ्या पुष्कळ. एका फुलात बुलबुल, त्याच्या कपाळावर पिवळसर पराग. खाली पडलेली फुले सात, त्यांपैकी दोन मुंग्यांनी भरलेली.’

‘९ जून, सायंकाळी ६, पाऊस थांबून तासभर. मातीचा वास. कुंपणाच्या भिंतीवरची वाळलेली हरिता (मॉस) परत हिरवी. मैदानाच्या कडेला मखमली लाल मृगाचे किडे, अकरा मोजले, मग मुलांनी हाक मारली.’

पहिली नोंद लिहिताना ती क्षुल्लक वाटली होती. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती वाचली आणि यंदा फुले आठवडाभर आधी आली आहेत असे लक्षात आले, तेव्हा मी ती घरातल्या सर्वांना बोलावून दाखवली.

८. कोणत्या काळात काय शोधावे

पुढचा अंदाज पुणे आणि आसपासच्या भागासाठी आहे. कोकणात आणि गोव्यात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सुरंगीचा सुगंध शोधा, विदर्भात फाल्गुनातला पळस पाहा. तुम्ही महाराष्ट्राबाहेर असाल तर हे वेळापत्रक बाजूला ठेवून स्वतःचे करा.

जानेवारी ते मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस ही तांबड्या फुलांची झाडे निष्पर्ण अवस्थेत फुलतात. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण पाहा. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल असून ते नेमके महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळे होते, आणि तरीही रस्त्याकडेच्या या झाडाचे नाव विचारल्यास फार थोड्यांना सांगता येते. जूनच्या पहिल्या सरींनंतर मृगाचे किडे बाहेर येतात, आणि मातीचा जो वास येतो तो मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये टाकळा उगवतो. त्याची भाजी कराच, पण एक रोप सोडून त्याची पाने रात्री कशी मिटतात तेही पाहा. सप्टेंबरनंतर पाण्याजवळ किंवा मैदानावर शेपूट सतत वर-खाली हलवणारा धोबी दिसला की हिवाळी पाहुण्यांचे येणे सुरू झाले असे समजावे.

९. नोंदी इतरांच्या उपयोगी कशा पडतील

तीन-चार महिन्यांनंतर वाटल्यास नोंदी सार्वजनिक उपक्रमांत द्याव्यात. झाडांच्या साप्ताहिक नोंदींसाठी सीझनवॉच, पक्ष्यांसाठी ईबर्ड आणि कोणत्याही सजीवासाठी आयनॅचरलिस्ट ही सोयीची ठिकाणे आहेत. तेथे तुमच्या ओळखीत चूक असेल तर जाणकार ती दुरुस्तही करतात. मात्र घरट्याचे नेमके ठिकाण कोठेही जाहीर करू नका, कारण दुसऱ्या दिवशी तेथे कॅमेरे जमतात.

नेहमीचे खड्डे

घरटी आणि अंडी उचलू नका. पिल्ले उडून गेली असतील असा आपला तर्क पुष्कळदा चुकीचा असतो, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हा गुन्हाही ठरू शकतो. जमिनीवर बसलेले, पंख फुटलेले पिल्लू दिसले तर लगेच घरी आणू नका. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजराचा धोका असेल तर त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवावे, तेवढे पुरे.

फोटोचा मोह आवरा. मी स्वतःसाठी आठवड्यातून एक दिवस फोटोचा ठेवला आहे, बाकीचे दिवस फोन घरी राहतो. समूहांवर रोज दुर्मीळ पक्ष्यांची चित्रे पाहून आपल्या साळुंक्यांचा कंटाळा येऊ लागला, तर काही दिवस ते समूह बंद ठेवा.

आणि खंड पडेल. परीक्षा, आजारपण, बदली, पाहुणे यांत महिनाभर वही उघडली जात नाही आणि मग राहिलेले भरून काढता येत नाही म्हणून माणूस ती कायमची सोडून देतो. माझी पहिली वही अशीच ऑक्टोबरात बंद पडली. राहिलेली पाने कोरी सोडा, आजची तारीख घाला आणि झाडासमोर जाऊन पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा: कोवळी पाने आहेत का?